घाईत उघडलेली इस्पिक पंजी: पोकर टेबलावरच्या एका चुकीचा निवाडा

पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजावरचं पोकर टेबल. नऊ जण बसलेले, नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाला दोन लपलेली पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी, आणि हवी तेवढी रक्कम लावायची मुभा), ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या रकमा, 100 आणि 200 रुपये. मध्यरात्र उलटलेली. या प्रकरणातली पानं आणि रकमा वाचणाऱ्याला कागदावर ताळा घेता यावा म्हणून ठरवून घेतल्या आहेत. चूक मात्र खरी आणि नेहमीची आहे: सगळ्यांची बोली, म्हणजे पैसे लावायची पाळी, पुरी व्हायच्या आत डीलरने पुढचं पान उघडलं. होल्डेममध्ये डीलरच्या हातून होणाऱ्या चुकांमध्ये भांडण पेटवणारी अशी दुसरी चूक क्वचितच असेल, कारण पान सगळ्यांनी बघितलेलं असतं आणि कुणाला तरी ते हवं असतं.

जागा गोव्याची घेतली त्याला कारण आहे. 1976 च्या गोव्याच्या जुगारबंदी कायद्यात 1992 आणि 1996 साली दुरुस्त्या झाल्या, आणि डीलर हाताने पत्ते वाटतो असे खेळ पाण्यावरच्या जहाजांवर चालू शकले. त्यामुळे पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगावकडच्या माणसाला कॅसिनोतलं पोकर खेळायचं तर जवळचा रस्ता तोच. अशा टेबलावर निम्मे लोक घरगुती नियमांवर वाढलेले असतात. मित्रांच्या खोलीत "जाऊ दे, पान राहू दे" म्हणून भागतं. इथे ते का चालत नाही, हाच या प्रकरणाचा गाभा.

हात कसा चालला

बटन, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणारी खूण, नऊ नंबरच्या सीटसमोर; म्हणजे एक नंबर स्मॉल ब्लाइंड आणि दोन नंबर बिग ब्लाइंड. सहा नंबरने 700 केले. आठ नंबरने कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले. दोन नंबरने वरचे 500 घातले. बाकीच्यांनी पानं टाकली. तिघांचे मिळून 2100 आणि स्मॉल ब्लाइंडचे पडून राहिलेले 100, असे पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 2200. रेक, म्हणजे कॅसिनो कापून घेतं ती रक्कम, या सगळ्या हिशेबातून बाजूला ठेवला आहे.

फ्लॉप, म्हणजे मधली पहिली तीन पानं, आला: इस्पिक गुलाम, इस्पिक अठ्ठी, चौकट तिर्री.

दोन नंबरने टेबलावर बोटं आपटून चेक केलं, म्हणजे पैसे न लावता पाळी पुढे दिली. सहा नंबरने 1500 लावले. आठ नंबरने 1500 ची चवड पुढे सरकवली. आता पाळी पुन्हा दोन नंबरची. डीलरला मात्र डोळ्यासमोर दोन सारख्या चवडी दिसल्या आणि त्याच्या हातांनी सवयीचं काम सुरू केलं: दोन्ही चवडी ओढून पॉटमध्ये घेतल्या, टेबल थोपटलं, एक पान बर्न केलं, म्हणजे न बघता बाजूला टाकलं, आणि पुढचं उघडलं. इस्पिक पंजी.

"थांबा, माझं बाकी आहे!" दोन नंबर म्हणाला. त्याची दोन पानं चिपांच्या दोन उंच चवडींमागे होती. डीलरच्या बाजूने ती दिसतच नव्हती.

"आता कसलं बाकी? पान आलंय!" सहा नंबर जवळजवळ उभाच राहिला.

"अहो राहू दे ना, खेळा पुढे," आठ नंबर.

डीलरने हात वर केला आणि फ्लोअरला, म्हणजे निवाडा करणाऱ्या पर्यवेक्षकाला, हाक मारली. इथवर जे बिघडलं होतं त्यात त्याने आणखी भर घातली नाही. पंजी परत कॅटमध्ये खुपसून "सॉरी सर" म्हणत पुढे गेला असता, तर दुरुस्त होणारी चूक कायमची नासली असती.

वाचणाऱ्यासाठी आता तिघांची पानं सांगतो. फ्लोअरला ती ठाऊक नव्हती, आणि ठाऊक नसणंच योग्य होतं. सहा नंबरकडे इस्पिक एक्का आणि इस्पिक दश्शी, म्हणजे पंजीने त्याचा सगळ्यात मोठा फ्लश (पाचही पानं इस्पिकची) लागला होता. आठ नंबरकडे चौकट राजा आणि बदाम गुलाम, गुलामांची जोडी. दोन नंबरकडे किलवर आणि बदाम अठ्ठी, म्हणजे फ्लॉपवरच तीन अठ्ठ्या. चेक करून तो सापळा लावून बसला होता.

फ्लोअरने पहिल्या मिनिटात काय करायचं

पहिलं वाक्य एकच: "सगळे हात टेबलावरून मागे, पानांना कुणी हात लावू नका, आणि हाताबद्दल कुणी बोलू नका." यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि बरेच फ्लोअर नेमका तोच विसरतात. त्याचं कारण पुढे येतंच.

डीलरने उरलेला गठ्ठा, म्हणजे स्टब, तळहाताखाली धरून ठेवायचा. तो टेबलावर मोकळा सोडायचा नाही, त्याखालचं पान बघायचं नाही. टाकलेली पानं, म्हणजे मक, एका बाजूला. बर्नची दोन पानं पॉटच्या चिपांखाली. हे तीन ढीग एकमेकांत मिसळले तर पुढची कुठलीही दुरुस्ती खरी उरत नाही.

मग हकीकत आधी डीलरकडून घ्यायची, खेळाडूंकडून नंतर. डीलरने बोली क्रमाने सांगायची: दोन चेक, सहा 1500, आठ कॉल, दोन बाकी. त्यानंतर जो हातात नाही अशा एखाद्या खेळाडूला विचारायचं, "असंच झालं ना?" इथे एक नंबरने होकार दिला. पानं टाकलेल्या माणसाचा पैसा अडकलेला नसतो, म्हणून त्याच्या शब्दाला वजन.

दोन प्रश्न खास विचारावे लागतात. दोन नंबरने "फोल्ड" (पानं टाकली) म्हटलं होतं का, किंवा पानं पुढे सरकवली होती का? नाही. आणि पंजी उघडल्यावर कुणी चेक केलं किंवा बेट (पैसे) लावली का? तेही नाही. यावर सगळ्यांचं एकमत होतं, म्हणून कॅमेऱ्याचं चित्रीकरण मागवायची गरज पडली नाही. एखाद्याने "हा फोल्ड म्हणाला, मी ऐकलं" असा दावा केला असता तर खेळ थांबवून निगराणी कक्षाला फोन करावा लागला असता, आणि तो करायला लाजू नये.

दुसरा प्रश्न का? पाळी चुकलेल्या माणसानेही जागं राहायचं असतं. टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन ही 2001 साली स्थापन झालेली, पोकर स्पर्धांचे नियम एकसारखे करणारी संघटना. तिच्या नियमांत 'पुरेशी बोली झाली' याची व्याख्या अशी: क्रमाने दोन कृती, ज्यातल्या एकीत तरी चिपा गेल्या आहेत, किंवा कोणत्याही तीन कृती. दोन नंबर गप्प बसला असता, पंजीवर सहा नंबरने बेट केली असती आणि आठ नंबरने कॉल, तर मग "माझं राहिलं होतं" म्हणायची वेळ टळून गेली असती. हे नियम स्पर्धांसाठी आहेत, पण रोखीच्या टेबलांवरही बऱ्याच खोल्या हीच मोजपट्टी लावतात. इथे दोन नंबर पान टेबलावर पडायच्या आतच बोलला म्हटलं तरी चालेल. त्याचा हक्क शाबूत.

निर्णय

रोखीच्या खेळात पोकर खोल्या ज्या नियमावलीचा बऱ्याचदा आधार घेतात ती बॉब सिआफोन यांची 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ पोकर'. तिच्यात या चुकीचा उपाय स्पष्ट आहे आणि फ्लोअरने तोच शब्दाशब्दाने मोठ्याने सांगितला, म्हणजे टेबलावर सगळ्यांना ऐकू गेला आणि कॅमेऱ्यासमोर नोंदही झाली.

पंजी या फेरीतून बाहेर. ती उघडीच, पण बोर्डापासून, म्हणजे मधल्या उघड्या पानांपासून, हातभर दूर ठेवायची. आधी फ्लॉपची बोली पुरी करायची. मग डीलरने नेहमीसारखं एक पान बर्न करून पुढचं पान टर्न, म्हणजे मधलं चौथं पान, म्हणून उघडायचं. चूक झाली नसती तर हेच पान रिव्हरला, म्हणजे पाचव्या जागी, आलं असतं. टर्नची बोली संपली की पंजी स्टबमध्ये घालायची, स्टब पिसायचा, काटायचा, आणि बर्न न करता रिव्हर उघडायचं. मक आणि बर्न झालेली पानं या पिसण्यात घ्यायची नाहीत.

बोली पुरी करण्याआधी पैसे मूळ जागी न्यावे लागले. डीलरने चवडी ओढून घेतल्या होत्या, त्यामुळे दोन नंबरला आपल्यासमोर किती रकमेचा सामना आहे हेच दिसत नव्हतं. पॉट मोजला: 5200. त्यातून 1500 सहा नंबरसमोर, 1500 आठ नंबरसमोर परत मांडले, मध्ये 2200 उरले. ताळा जुळला. हे काम दोन मिनिटांचं असतं आणि कंटाळा करून टाळलं जातं. मग पुढे रेझ (वाढवलेली रक्कम) किती, कॉल किती यावरून दुसरं भांडण उभं राहतं.

"सर, 1500 तुमच्यावर," डीलर दोन नंबरला म्हणाला.

दोन नंबरने 6000 केले. सहा नंबरने वरचे 4500 भरले. आठ नंबरने पानं टाकली. पॉट 15,700. बर्न, आणि टर्न: बदाम दुर्री. दोन नंबरकडे 9000 उरले होते, ते त्याने सगळे पुढे ढकलले. सहा नंबरने क्षणभरही न थांबता कॉल केला. पॉट 33,700.

आता स्टब पिसायची पाळी. आकडा तपासून बघा: नऊ जणांची 18 पानं, फ्लॉपचा बर्न 1, फ्लॉप 3, टर्नचा बर्न 1, पंजी 1, तिसरा बर्न 1, दुर्री 1. एकूण 26 बाहेर, स्टबमध्ये 26. पंजी घातल्यावर 27. डीलरने पंजी सगळ्यांना दाखवून पालथी केली, स्टबच्या मधोमध घातली, दोन रिफल (गठ्ठ्याचे दोन भाग एकमेकांत मिसळणं), एकदा थर उलटवून, पुन्हा एक रिफल, मग कट कार्डवर (तळाचं पान झाकणाऱ्या कार्डावर) काटलं. सगळं टेबलाला चिकटून, तळाचं पान कुणाला दिसणार नाही असं. 27 पानांचा गठ्ठा हातात छोटा लागतो आणि घाबरलेला डीलर तो हवेत धरून पिसायला लागतो. तिथे पान निसटलं तर पहिल्या चुकीवर दुसरी चढते.

रिव्हर: चौकट छक्की. दोन नंबरच्या तीन अठ्ठ्या जिंकल्या.

सहा नंबरची तक्रार, आणि तिचं उत्तर

"माझा फ्लश लागला होता. डीलरच्या चुकीने माझे पंधरा हजार गेले. हाउसने भरून द्यावेत."

नेमका आकडा 15,700: आधी 700, मग 6000, मग 9000. ही तक्रार तोंडावर उडवून लावण्यासारखी नाही. माणसाने डोळ्यांनी आपलं पान बघितलं आणि ते त्याच्यासमोरून उचललं गेलं. पण तिच्यातली प्रत्येक कडी वेगळी करून तपासली पाहिजे.

पहिली कडी: 'माझा फ्लश'. पंजी उघडली तेव्हा ते पान बघण्याची किंमत अजून ठरलीच नव्हती. ती ठरवण्याचा हक्क दोन नंबरचा होता. चूक झाली नसती तर त्याने तेव्हाच 6000 केले असते, कदाचित जास्तही, आणि सहा नंबरला पंजी दिसण्याआधी 4500 आणखी मोजावे लागले असते किंवा पानं टाकावी लागली असती. 1500 मध्ये बघितलेलं पान त्याचं नव्हतं. पान राहू दिलं असतं तर तीन अठ्ठ्या घेऊन दबा धरलेल्या माणसाचा रेझ करायचा हक्क डीलरने परस्पर काढून घेतला, असा अर्थ झाला असता. त्याची काहीच चूक नसताना.

दुसरी कडी: या दुरुस्तीने त्याच्या संधीचं नुकसान किती झालं? हे नुसतं बोलायचं काम नाही, मोजता येतं. फ्लॉपवर सहा नंबरला न दिसलेली पानं 47, त्यातली 9 इस्पिक. काहीच चूक झाली नसती तर टर्न आणि रिव्हर मिळून निदान एक इस्पिक येण्याची शक्यता 34.97 टक्के. आता चूक झाल्यावर: टर्नला पंजी बाजूला, म्हणून 46 पानांत 8 इस्पिक, 17.4 टक्के. नेहमीच्या 19.1 पेक्षा कमी. पण रिव्हरला पंजी नक्की स्टबमध्ये आहे, मकमध्ये किंवा बर्नमध्ये अडकलेली नाही, हे ठाऊक असतं. 27 पैकी 1, म्हणजे 3.7 टक्के तिचेच. बाकी आठ इस्पिकांचे 17.1. मिळून 20.8, नेहमीच्या 19.6 पेक्षा जास्त. टर्नला जे गेलं त्यातलं बहुतेक रिव्हरला परत आलं. दोन्ही मिळून 34.59 टक्के. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

हा हिशेब प्रत्येक फ्लोअरने एकदा स्वतः मांडून बघावा. नियम लिहिणाऱ्यांनी हा उपाय किती विचाराने बांधला आहे ते तेव्हा कळतं. रिव्हरला येणारं पान टर्नला आलं, म्हणजे ते खेळातून गेलं नाही. टर्नला आलेलं पान रिव्हरला येऊ शकतं, म्हणजे तेही गेलं नाही. आणि पिसावं लागलं एकदाच. काही खोल्या पंजी लगेच स्टबमध्ये घालून, पिसून, बर्न न करता टर्न उघडतात. तोही उपाय संधीच्या दृष्टीने योग्यच. खोलीचा नियम कुठला ते आधी लिहिलेलं हवं, एवढंच. पंजी कुणाला लागली हे कळल्यावर दोन रीतींपैकी एक निवडणं म्हणजे निवाडा नव्हे.

तिसरी कडी: 15,700 मधले शेवटचे 9000. टर्नला 33,700 च्या पॉटसाठी 9000 भरायचे, म्हणजे कॉल परवडायला 26.7 टक्के संधी हवी. होती 20.8. हा कॉल पानांचा नव्हता, रागाचा होता. फ्लॉपवरचा 4500 चा कॉल मात्र समजण्यासारखा. तेव्हा 28.7 टक्क्यांची गरज होती आणि दोन पानं मिळून 34.6 टक्के संधी होती, टर्नला पुन्हा पैसे पडण्याचा धोका गृहीत धरूनही. डीलरची चूक एक आणि नंतरचे निर्णय खेळाडूचे, हे फ्लोअरने शांतपणे, आकड्यांत न शिरता सांगावं. हरलेल्या माणसाला त्या क्षणी टक्केवारी ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ.

आणि हाउसने भरून द्यावं का? पोकरमध्ये हाउस बाजू नसते. ती रेक घेऊन खेळ चालवते. पैसा खेळाडूंमध्येच फिरतो. सहा नंबरला परतावा दिला तर उद्या प्रत्येक चुकीच्या हातात हरणारा परतावा मागेल, जिंकणारा मात्र जिंकलेलं परत देणार नाही. म्हणजे चूक झालेला प्रत्येक हात एका माणसासाठी बिनधोक्याचा होईल. परतावा नाही. निवाडा बरोबर होता की नाही हे पंजी बाजूला ठेवली त्या क्षणी ठरलं. छक्की आली की इस्पिक आलं याने त्यात काही बदलत नाही.

खरं नुकसान कुठे झालं

पंजीने झालं नाही. झालं ते सहा नंबर उसळून बोलला त्या चार-पाच सेकंदांत.

"आता कसलं बाकी? पान आलंय!" हे वाक्य ऐकल्यावर दोन नंबरला काय कळलं? की समोरच्याला इस्पिक हवं होतं. आता पंजी बाजूला गेली आहे आणि तो अजून नुसत्या आशेवर आहे. तीन अठ्ठ्या घेऊन बसलेल्या माणसाला याहून उपयोगी बातमी नाही. आता मोठी रक्कम लावून त्या आशेची पुरेपूर किंमत वसूल करता येते, आणि त्याने तेच केलं. पानांच्या संधीत गेलं अर्ध्या टक्क्याहूनही कमी. माहितीत गेलं त्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि ते कुठलाही नियम परत देऊ शकत नाही.

म्हणून "हाताबद्दल कुणी बोलू नका" हे पहिल्या वाक्यात. सहा नंबर पानं उलटी करून दाखवायच्या बेतात होता. त्याचा अंगठा एक्क्याच्या कोपऱ्याखाली गेलाच होता. फ्लोअरने टेबलावर तळहात ठेवून "सर, पानं खालीच राहू द्या, तुमच्याच भल्याचं आहे" म्हटलं आणि तो थांबला. हात चालू असताना पानं उघडली तर बहुतेक खोल्यांत हात रद्द होत नाही, ताकीद मिळते. पण दोन नंबर आणि आठ नंबर दोघांचे पुढचे सगळे निर्णय त्या उघड्या पानांवर झाले असते.

खेळाडूंनी यातून एक गोष्ट घ्यावी: चुकीचं पान उघडलं तर आनंद झाला की राग आला, चेहरा आणि तोंड दोन्ही बंद ठेवायचं, फ्लोअर बोलवायचा, आणि वाट बघायची. दोन नंबरही पूर्ण निर्दोष नाही. पानं चिपांमागे लपवून ठेवणं हा बिग ब्लाइंडमध्ये बसणाऱ्यांचा नेहमीचा आळस. पानं चिपांच्या पुढे, त्यावर एखादी चिप, डीलरला स्पष्ट दिसतील अशी. त्याला ताकीद दिली, हक्क काढून घेतला नाही. शिक्षा चुकीच्या मापाची हवी.

"सगळ्यांना चालत असेल तर"

आठ नंबरचं "राहू दे ना" ऐकायला समजूतदार वाटतं. मवाळ फ्लोअर तिथे फसतो आणि दोन नंबरला विचारतो, "तुम्हाला फोल्डच करायचं असेल तर पान ठेवू का?"

हा प्रश्न कधीच विचारायचा नाही. नियमावलीत मुद्दाम लिहिलं आहे की पुढच्या खेळाडूंनी फोल्ड केलं तरी घाईत उघडलेलं पान बाहेरच राहणार. कारण उघड आहे. फोल्ड केल्यावर पान राहतं असं ठरलं, तर ते पान ठेवायचं की घालवायचं हे एका खेळाडूच्या हातात जातं, तेही पान बघितल्यावर. दोन नंबर आणि सहा नंबर एकाच गाडीतून आलेले मित्र असतील तर? हात वाईट असलेला मित्र फोल्ड करून दुसऱ्याला फ्लश भेट देईल. दोघांचं वैर असेल तर हरणार हे ठाऊक असूनही 1500 भरून पान घालवेल. टेबलावर कोण कुणाचं आहे हे फ्लोअरला कळत नाही, आणि कळायची गरजही पडू नये.

असोसिएशनचा पहिलाच नियम सांगतो की खेळाचं हित आणि न्याय सगळ्यात वर, आणि अपवादात्मक प्रसंगी न्यायासाठी तांत्रिक नियम बाजूला ठेवता येतो. त्याचा आधार घेऊन "बिचाऱ्याचा फ्लश लागला होता" म्हणणारे भेटतात. पण तो नियम ज्या प्रसंगाला लिखित उत्तर नाही किंवा लिखित उत्तराने उघड अन्याय होतो त्यासाठी आहे. इथे लिखित उत्तर आहे, आणि ते जवळजवळ काटेकोर न्याय देतं हे वर मोजलं.

जवळच्या दुसऱ्या एका चुकीत मात्र नियमावल्याच वेगळं सांगतात. फ्लॉपला तीनऐवजी चार पानं उघडली तर 'रॉबर्ट्स रूल्स' म्हणते फ्लॉप पुन्हा वाटा, जादा पान कुठलं ते कळत असलं तरी. असोसिएशन म्हणते चारही पानं पालथी घालून मिसळा, फ्लोअरने त्यातलं एक न बघता उचलावं, ते पुढचा बर्न, उरलेली तीन फ्लॉप. दोन्हींत निवड नशिबाची, माणसाची नाही. खोलीने एक रीत धरावी आणि भिंतीवर लावावी.

डीलरचं काय

टेबलावर त्याला एक शब्दही बोलायचा नाही. हात संपवू द्यायचा, आणि लगेच उठवायचंही नाही, नाहीतर खेळाडूंना वाटतं की काहीतरी लपवलं जातंय. त्याची पाळी संपल्यावर बाजूला घेऊन कारण शोधायचं.

कारण जवळजवळ नेहमी एकच: ओढणं, थोपटणं, बर्न करणं आणि उघडणं या चार हालचालींची एकच हालचाल होऊन जाते. थकलेल्या हाताला मध्ये थांबायची जागाच उरत नाही. त्यातून अंडाकृती टेबलावर डीलरच्या दोन्ही खांद्यांजवळच्या सीटा नजरेआड; समोर तीन ते सात नंबर दिसतात, एक-दोन आणि आठ-नऊकडे मान वळवावी लागते.

उपाय साधा आहे आणि तोंडाने करायचा आहे. प्रत्येक फेरी सुरू होताना किती जण आहेत ते मोठ्याने म्हणायचं: "तीन प्लेअर." चवडी ओढण्याआधी डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत नजर फिरवून पानांच्या जोड्या मोजायच्या. तीन जोड्या दिसल्या आणि समोर दोनच चवडी, तर एक जण बाकी आहे. पॉट तिथेच थांबतो. टेबल थोपटल्यावर एक श्वास जाऊ द्यायचा. थोपटणं म्हणजे "कुणाचं बाकी असेल तर आत्ता बोला" असं खेळाडूंना विचारणं. थोपटलेला हात उचलता उचलता बर्न केलं तर विचारून उत्तर न ऐकल्यासारखं होतं. आणि पानं दिसत नसतील तर हातातला गठ्ठा खाली न ठेवता म्हणायचं, "सर, पानं पुढे घ्या प्लीज."

नोंदवहीत एवढं लिहायचं: वेळ, टेबल, ब्लाइंड, डीलरचा क्रमांक, बोलीचा क्रम, उघडलेलं पान, ओढलेली आणि परत मांडलेली रक्कम, लावलेला नियम, कुणाला ताकीद. नोंद रिव्हर उघडायच्या आत सुरू करावी. शेवटचा डाव कुणी जिंकला याचा रकाना या नोंदीत ठेवू नये.